शाळेला पंखा द्यायच्या आधी हे वाचा

गेट-टुगेदर होतं, पंचवीस वर्षांनी सगळे भेटतात, कोणाचं टक्कल कोणाची ढेरी, बाईंच्या पाया पडून होतं, आणि मग जेवणाच्या रांगेत हातात ताट धरून कोणीतरी म्हणतंच, "अरे आपण शाळेसाठी काहीतरी केलं पाहिजे यार." सगळे हो हो म्हणतात, ग्रुपवर साठ अंगठे पडतात, आणि दोन महिन्यांनी काय होतं तर एक पंखा. पात्यावर बॅचचं नाव. मुख्याध्यापकांसोबत फोटो, संपला विषय.

आम्हीपण हेच केलं होतं. म्हणून ज्यांना आता नव्याने सुरू करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, आम्ही जिथे जिथे तोंडावर आपटलो तिथे तुम्ही आपटू नका एवढंच.

माझी ओळख थोडक्यात. दहावी १९९६, मराठी माध्यम, लालबाग-परळ साइडची शाळा, वडील गिरणीत. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, तेव्हा मी दोन वर्षांची, त्यामुळे संप मला आठवत नाही पण संपानंतरचं घर आठवतं. शाळेत जूनमध्ये आम्हा काही मुलांना वह्यांचा गठ्ठा मिळायचा, मला कायम वाटायचं सरकार देतं. खूप वर्षांनी शाळेच्या जुन्या क्लार्ककाकांनी सांगितलं की त्या वह्या एका जुन्या बॅचकडून यायच्या आणि "आमचं नाव सांगू नका" अशी त्यांची अट होती. आजपर्यंत मला माहीत नाही ती कुठली बॅच. असो. आता मी डोंबिवलीला राहते, अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे पैशांच्या भागात थोडी जास्त बडबड करणार, सहन करा.

आधी चार जण शोधा, एकशे चाळीस नको

ग्रुपवर कितीही लोक असूदेत, काम चारच जण करणार हे आत्ताच मान्य करून टाका म्हणजे नंतर चिडचिड होत नाही. त्या चारात एक जण असा पाहिजे जो अजून शाळेच्या आसपास राहतो. आपल्यातले बहुतेक विरार, बदलापूर, पनवेलला गेलेत, शाळेत काही झालं तर दुपारी अडीचला पोचणार कोण? आमच्यात एकजण तिथेच चाळीत राहतो, बेस्टमध्ये कंडक्टर आहे, त्याच्या शिफ्टप्रमाणे आमच्या मीटिंगा ठरतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. दुसरा पाहिजे हिशोब लिहिणारा, तिसरी पाहिजे फोन करून पैसे मागायला न लाजणारी. चौथा कोणीही चालेल, फक्त कविता फॉरवर्ड करणारा नको.

मग शाळेत जा, पण रिकाम्या हाताने

जाताना काही घेऊन जाऊ नका, पेढेसुद्धा नको. आणि कधी जायचं ते बघा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पुस्तकं, गणवेश, ॲडमिशन यात सगळे बुडालेले असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी बोर्ड, १५ ऑगस्टला तर बोलायची सोयच नाही. जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा दिवाळीची सुट्टी संपल्यावर बरं पडतं. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर सकाळचं सुटून दुपारचं भरतं त्या वेळी चुकूनही नको.

गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की शाळा कशातली आहे. हसू नका, आमच्यातल्या निम्म्या लोकांना आपली शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित हेच माहीत नव्हतं. अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं, पण खडू-झाडू-वीज-दुरुस्ती यासाठीचं वेतनेतर अनुदान तुटपुंजं असतं आणि तेही वेळेवर येईल असं नाही, तो खड्डा शाळा चालवणारी संस्थाच भरते. महापालिकेची शाळा असेल तर गोष्ट वेगळी, मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि तिथे मुख्याध्यापकांना तुमच्याकडून परस्पर काही घेता येत नाही, शिक्षण विभागाकडून लेखी परवानगी लागते, म्हणजे तुमच्या वॉर्डच्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे अर्ज करायचा आणि पोच घेऊन ठेवायची. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टलपण आहे, त्यावर सरकारी आणि अनुदानित शाळा आपली गरज टाकू शकतात, शाळेने नोंदणी केलीय का विचारा, नसेल तर तुम्हीच बसून करून द्या, तेवढंच एक काम.

दुसरा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारू नका, शिपाईमामा-मावशींना विचारा. आम्हाला मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं प्रोजेक्टर पाहिजे. मावशींनी काय सांगितलं तर मुलींच्या टॉयलेटला आतून कडी नाहीये. तीन दारं, एकालाच कडी, ती पण अर्धी लागणारी. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते, आणि ज्या मुलीला अशी मैत्रीण नाही ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मी त्याच शाळेत दहा वर्षं काढली आणि मला हे आठवलं तेव्हा कसंतरीच झालं, कारण आमच्या वेळीपण असंच होतं आणि आम्हीपण पाणी प्यायचो नाही! दोन कड्या नव्या, एक दुरुस्त, बादलीला मग, एक बल्ब, मिस्त्रीची मजुरी, सगळं मिळून एका माणसाच्या गेट-टुगेदरच्या वर्गणीपेक्षा कमी. प्रोजेक्टर नंतर बघू म्हटलं, ते अजून बघतोच आहोत.

काय देऊ नये

आमची फजिती ऐका. सुरुवातीच्या जोशात आमच्यातल्या एकाच्या ऑफिसने काढून टाकलेले दहा कॉम्प्युटर आम्ही शाळेत नेऊन दिले, टेम्पो केला, हार घातले, फीत कापली. सहा महिन्यांनी गेलो तर दहाच्या दहा चादरीखाली. का, तर त्या खोलीत प्लगच दोन होते, वायरिंग जुनं, एकदम लावले की फ्यूज जातो. शिकवणारं कोणी नाही, आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद झालेली त्यामुळे भंगारात काढायलाही सतरा सह्या. म्हणजे आम्ही शाळेला दहा कॉम्प्युटर दिले नाहीत, एक खोली त्यांच्याकडून काढून घेतली. चूक शाळेची नाही, आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून आमचा नियम, वस्तू दिली तर तिचा पुढच्या तीन वर्षांचा खर्च बाजूला काढूनच द्यायची. वॉटर प्युरिफायर दिला तर कँडल कोण बदलणार, सॅनिटरी पॅडचं मशीन दिलं तर पॅड कोण भरणार. आणि घरातला पसारा, जुने कपडे, गेल्या वर्षीची गाइडं, अर्धवट वापरलेल्या वह्या, हे "डोनेशन" म्हणून नेऊ नका प्लीज.

पैसे: इथे भांडणं होतात

सगळ्यात पहिली चूक म्हणजे "माझ्या नंबरवर जीपे करा". करू नका. तुमचा पगार, भाजीचे पैसे आणि लोकांची देणगी एकाच खात्यात, सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही कशाचं काय, आणि कोणीतरी एकजण संशय घेणारा असतोच. सोपा मार्ग हा की पैसे गोळाच करायचे नाहीत, ज्याला द्यायचेत त्याने थेट शाळेच्या संस्थेच्या खात्यात टाकायचे आणि पावती घ्यायची, किंवा थेट दुकानदाराला द्यायचे आणि बिल शाळेच्या नावावर घ्यायचं. सार्वजनिकरीत्या वर्गणी मागायला निघालात तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क, हे लक्षात ठेवा.

मग कोणीतरी म्हणणार आपलीच संस्था रजिस्टर करू. थांबा जरा. सात सभासद मिळाले की संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदणी होते, महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक न्यास म्हणूनही होते, अवघड काही नाही. अवघड पुढे आहे. दरवर्षी हिशोबपत्रकं, ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, आणि हे सगळं वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. कितीतरी माजी विद्यार्थी संघ असे आहेत की अध्यक्ष वारले, सेक्रेटरी मुलाकडे गेले, चेंज रिपोर्ट कोणी टाकला नाही आणि खात्यातले पैसे तसेच अडकून पडले. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं रजिस्टर करू नका, काम टिकतंय का बघा, टिकलं तर करा.

टॅक्सचं सगळे विचारतात म्हणून. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही, आणि आता काही निवडलं नाही तर नवीच लागू होते, त्यामुळे आधी स्वतःचं बघा. जुनीत असाल तर संस्थेकडे ८०जी नोंदणी आहे का विचारा, साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, दोन हजारांवर रोख दिलीत तर काही मिळत नाही, आणि नुसती पावती चालत नाही, संस्थेने फॉर्म भरून दिलेलं देणगी प्रमाणपत्र लागतं.

आणि परदेशातले मित्र! ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी, मग तो गिरगावात जन्मलेला का असेना, परदेशीच. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. मराठी शाळांच्या छोट्या संस्थांकडे ही नोंदणी असणं कठीणच. तेव्हा न्यू जर्सीवाल्या मित्राला सांगा बाबा तू पैसे राहू दे, शनिवारी रात्री ऑनलाइन बसून पोरांचे इंग्लिशचे पेपर तपास. आमचा एकजण तपासतो, आणि त्याला इकडच्या पोरांपेक्षा जास्त मजा येते.

मध्येच एक. पवईच्या आयआयटीला नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले, ते १९७३ ला तिथे दाखल झाले त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, आणि त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने पंचवीस वर्षांच्या निमित्ताने ५७ कोटी जमवले. हे वाचून आमच्या ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. पण त्यांच्याकडे माजी विद्यार्थ्यांसाठी अख्खं ऑफिस आहे, माणसं आहेत. आपल्या शाळेत क्लार्क एक, तोही निवडणुकीच्या ड्युटीवर. तुलना करायचीच नाही.

खरं काम: कागद

हा भाग मन लावून वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आपल्या शाळेत आता कोणाची मुलं आहेत ते एकदा बघून या. आपली नाहीत. आपण आपली मुलं इंग्लिश मीडियमला टाकली, माझी मुलगीपण तिकडेच आहे, हे मीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी ऐकवायला नको. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आणि शाळेत आता त्या टॉवरमधल्या वॉचमनची, धुणीभांडी करणाऱ्या ताईंची, सोलापूर-बीड-जालन्याहून कामाला आलेल्यांची मुलं आहेत. या मुलांची हुशारी कमी पडत नाही, कागद कमी पडतात.

एनएमएमएस घ्या. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, सरकारी, पालिका आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० एका मुलाला. आमच्या गेट-टुगेदरच्या केटररचं बिल याच्या आसपास होतं, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यात बसलाय. परीक्षेत दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न ९० मिनिटं. यातला बौद्धिक क्षमतेचा पेपर म्हणजे आपण चौथी-सातवीला स्कॉलरशिपला बसायचो ना, आकृत्या, संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, अगदी तसलं. हे शाळेत वेगळं शिकवत नाहीत आणि सरावाशिवाय जमत नाही. जुलै ते नोव्हेंबर दर शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, दोन माणसं, जुने पेपर झेरॉक्स. एवढंच लागतं. पहिल्या वर्षी आमच्या वर्गातली एकही मुलगी निवडली गेली नाही, कारण आम्ही शिकवण्यात एवढे रमलो की दोघींचे उत्पन्नाचे दाखलेच वेळेत निघाले नाहीत. मुली अभ्यास करून बसल्या आणि आम्ही कागदात नापास.

त्यामुळे आता आठवीपासूनच आम्ही दाखल्यांच्या मागे लागतो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, आणि आधारला लिंक असलेलं मुलाचं स्वतःचं बँक खातं. अकरावीचं ऑनलाइन ॲडमिशन सुरू झाल्यावर धावाधाव करून काही होत नाही, तेव्हा सेतूमध्ये आणि आपले सरकार पोर्टलवर अख्खा महाराष्ट्र असतो. मे-जूनमध्ये फॉर्म भरायच्या आठवड्यात दोन लॅपटॉप घेऊन शाळेच्या वर्गात बसा, पसंतीक्रम भरताना पोरांशेजारी कोणीतरी शहाणं माणूस असणं हीच मोठी मदत आहे, नाहीतर सायबर कॅफेवाला त्याला वाटेल ती कॉलेजं टाकून मोकळा होतो आणि वरून पैसे घेतो.

जातीच्या दाखल्याचं अजून एक. पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, ओबीसींसाठी १९६७, त्या तारखेआधीचा कुटुंबाचा कागद. आणि मुंबईतल्या कष्टकरी घरांकडे सातबारा नसतो की काही नसतं, एकच कागद असतो, आजोबांच्या शाळेचा. म्हणजे तुमच्या-माझ्या शाळेच्या कपाटातलं जनरल रजिस्टर, शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ते.

आमच्याकडे एक मुलगी आली होती, शाळेतली नाही, तिचे आजोबा आमच्या शाळेत होते. नाव माहीत, साल अंदाजे. आमचा कंडक्टर मित्र आणि क्लार्क दोघांनी मिळून चार रजिस्टरं काढली. मोठी लांबुडकी, कापडी पुठ्ठ्याची, मोडी वळणाचं अक्षर, निळी शाई तपकिरी झालेली. खालची दोन २६ जुलै २००५ ला पाण्यात गेलेली, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आमच्याकडे तळमजल्यावरचं कपाट अर्धं बुडलं होतं. पानं एकमेकांना चिकटलेली, पट्टीने हळूहळू सोडवत गेले. तिसऱ्या रजिस्टरात नाव सापडलं, शेजारी आजोबांची जन्मतारीख, जात, मूळ गाव, आणि शेरा, "न कळवता गैरहजर, नाव कमी केले". बहुतेक गिरणीत बदली कामगार म्हणून लागले असणार. ती मुलगी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती. तिला उताऱ्याची सही-शिक्क्याची कॉपी मिळाली, आणि आम्हाला आमचं पुढचं काम मिळालं.

ते काम तुम्हीही करू शकता. रजिस्टरं वरच्या मजल्यावर हलवा, लोखंडी कपाट घ्या, डांबरगोळ्या टाका, आणि संस्थेची लेखी परवानगी घेऊन स्कॅन करून घ्या. मात्र शाळेतच, शाळेच्या माणसासमोर, आणि फाइली शाळेकडेच. त्यात लोकांच्या जाती, जन्मतारखा, पत्ते आहेत, "बघा बघा माझं नाव सापडलं" म्हणून मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. आमच्यात एकाने टाकला होता, मिनिटात डिलीट करायला लावला.

मुलांशी बोलताना

व्याख्यान देऊ नका. "आम्ही कंदिलाखाली शिकलो" वगैरे पोरांना अजिबात ऐकायचं नसतं, आणि लालबागला लाइट होती. बोलवायचंच तर सगळ्या प्रकारची माणसं बोलवा. आमच्या यादीत सीए आहे तसा आयटीआय करून लिफ्टचं काम करणाराही आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये डीएमएलटी करून लागलेली मैत्रीण आहे. सगळ्यात जास्त प्रश्न कोणाला आले? लिफ्टवाल्याला. पहिला प्रश्न, पगार किती. त्याने खरा आकडा सांगितला, आणि मग पोरं खुर्च्या पुढे सरकवून बसली.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम मात्र कडक ठेवा. मुलांसोबत कायम शाळेचं कोणीतरी हजर पाहिजे, एकट्या मुलाला किंवा मुलीला भेटायचं नाही, पर्सनल नंबर घ्यायचे-द्यायचे नाहीत, चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नाहीत. शाळेने तुमचं ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर "आम्ही याच शाळेचे" म्हणून रागावू नका, मागितलं हे चांगलंच आहे. आणि गरीब मुलाला स्टेजवर बोलावून हातात दप्तर देणं, हे तर कृपा करून बंदच करा. गठ्ठा क्लार्ककडे द्या, ते बरोबर पोचवतात.

पुढे चालू ठेवायचं तर

दर तीन महिन्यांनी एक पानी हिशोब ग्रुपवर, बिलांच्या फोटोसकट, कोणी मागो न मागो. चहा-वडापाव स्वतःच्या खिशातून. शाळेच्या कारभारात, शिक्षकांच्या वादात, संस्थेच्या निवडणुकीत नाक खुपसायचं नाही, खुपसलंत की पुढच्या वेळी गेटवरच थांबवतात. ३० सप्टेंबरच्या आसपास शिक्षक टेन्शनमध्ये असतात कारण त्या तारखेच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, ठरते, पट कमी झाला तर शिक्षक अतिरिक्त, तेव्हा सप्टेंबरमध्ये कोणी तुमच्याशी तुटक बोललं तर मनावर घेऊ नका. उलट एप्रिल-मे मध्ये शिक्षक वस्तीत नवीन मुलं शोधत फिरतात तेव्हा एक दिवस त्यांच्यासोबत फिरा.

आणि आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बॅच लवकरात लवकर आत घ्या. आम्ही मागच्या वर्षी घेतली, त्यातला एकजण आमच्याच शनिवारच्या वर्गाच्या पहिल्या तुकडीतला, आता बीकॉम करतोय. त्याने आल्या आल्या माझी चार वर्षांची हिशोबाची वही मागून घेतली, सगळं शीटमध्ये टाकलं, दोन ठिकाणी माझी बेरीज चुकलेली काढून दाखवली, एकदा सत्तर रुपये आणि एकदा एकशे दहा. मी अकाउंट्समध्ये आहे हे तेव्हा कोणाला आठवलं नाही तर बरं असं वाटत होतं, पण कंडक्टरने आठवण करून दिलीच.